पाचवा पांडव आमच्याकडे

ह्यांची लातूरला बदली झाली तेव्हा पोरगी अडीच वर्षांची होती. मी नांदेडची. आमच्याकडं सणासुदीला लेकराला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे गोदावरीचा घाट, फार तर किनवटकडच्या जंगलात एखादी चक्कर. वेळ अमावस्या ऐकून माहीत होती, पण इथं तिला येळवस म्हणतात आणि तिच्यासाठी सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जाऊन बसतं, हे काही मला ठाऊक नव्हतं.

आठवडाभर आधी बाजार शेंगांनी भरला. तूर, वाल, वाटाणा, कोवळा हरभरा. हे सगळे दाणे बेसनात शिजवून भज्जी करायची, ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबील करायची, डोक्यावर मडकं घेऊन शेतात जायचं आणि कडब्याच्या खोपीत पांडव मांडून पूजा करायची. ज्याला शेत नाही त्यालाही एक ठरलेलं शेत असतं. समोरचे टेलर चाचा वडिलांच्या वेळेपासून एकाच मित्राच्या शेतावर जायचे. हे सगळं मला घरमालकीण काकूंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं आणि शेवटी विचारलं, तुमचं साहेबांकडं असेल ना? मी मान हलवली. नाही कसं म्हणायचं? तिकडं ऑफिसात साहेबांनी ह्यांना विचारलं, तर हे हसून म्हणाले, घरमालक सोडतात होय आम्हाला. झालं. दोघांनी मिळून दोन्हीकडची दारं आपल्या हातानं बंद केली आणि घरी येऊन एकमेकांना शहाणपण शिकवत बसलो.

अमावस्येच्या सकाळी काकूंची जीप गेली, चाचांचा ऑटो गेला, दहा वाजेपर्यंत गल्लीत कुत्रंसुद्धा उरलं नाही. पोरगी सकाळपासून नटून बसलेली. कानटोपी, लाल स्वेटर, हातात भातुकलीतलं मडकं, त्यात तिनं पाणी भरून घेतलेलं, कारण काकूंच्या नातवंडांकडं तसंच होतं. प्रत्येक गाडीला ती उठून उभी राहायची आणि गाडी निघून गेली की परत पायरीवर बसायची. मला सात-बारा नको होता. माझ्या लेकराला त्या दिवशी कुठंतरी जायला असावं, एवढंच पाहिजे होतं आणि तेवढंसुद्धा आम्हाला जमलं नव्हतं. मग मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं, ते वेगळं.

शेवटी हे म्हणाले, बसून काय करून राहिलीस, चल चक्कर मारून येऊ. स्कूटरवर पोरीला पुढं उभं केलं आणि औशाच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी, हरभरा, करडई आणि शेताशेतात माणसं. झाडाझाडाला झोके बांधलेले. पोरगी प्रत्येक झोक्याकडं बोट करत होती आणि मी तिला उगीच पुढं आहे, पुढं आहे म्हणत होते.

एका लिंबाखाली स्कूटर थांबवली, तर शेताच्या धुऱ्यावरून एक आजी हात करत आल्या. उंच, वाळलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. आम्हाला वाटलं, इथं गाडी लावू नका म्हणणार. त्यांनी आमचं नावगाव काही विचारलं नाही. पोरीला स्कूटरवरून उचललं, कमरेवर घेतलं आणि वळून चालायला लागल्या. लेकरूच नेल्यावर आम्ही काय करणार, गेलो मागं. नंतर कळलं की त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचंच नसतं.

त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं. मी भज्जी दोनदा मागून घेतली. लाजबिज सगळी धुऱ्यावरच राहिली होती. आजींनी आंबिलीचा तांब्या पोरीच्या तोंडाला लावला आणि ती घटाघटा प्याली. घरी दुधाच्या एका पेल्यासाठी मला तासभर नाचवणारी पोरगी! हे झोक्यावर बसले आणि फांदी कुरकुरली तेव्हा सगळ्यांच्या आधी ती अबोल सून हसली. पोरगी मात्र खोपीतून हलेना. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड ओळीनं मांडले होते, तेच पांडव. त्यांच्यापुढं ती मांडी घालून बसली होती आणि हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगत होती.

संध्याकाळी घरी येऊन तिची कानटोपी शोधायला गेले, तर ती पिशवीत नीट गुंडाळलेली आणि चांगलीच जड. उघडली. आत पांढरा दगड. खोपीतलाच. पोरगी म्हणाली, बाळ झोपलंय. तिला त्या पाचांतलं सगळ्यांत लहान आवडलं होतं आणि थंडी वाजेल म्हणून तिनं त्याला टोपी घातली होती.

हे म्हणाले, दगड तर आहे, दुसरा मांडतील. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. ज्यांनी अनोळखी माणसांना बोलावून पोटभर जेवू घातलं, त्यांच्या खोपीतला देव आम्ही उचलून आणला होता. रात्रभर मला धड झोप आली नाही.

सकाळी उजाडताच पुन्हा तेच लिंबाचं झाड. खोप तशीच उभी, आत चारच दगड. आजी शेंगा तोडत होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मुलगा दुसरा दगड रंगवायला निघाला होता, त्यांनीच अडवलं होतं. मी दगड द्यायला गेले, तर पोरीनं तो पोटाशी धरला आणि असा काही सूर लावला की बांधावरची पाखरं उडाली. मी तिचे हात सोडवायला लागले. आजींनी मला बाजूला केलं आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

“राहू दे तुझ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “पर येळवशीला घेऊन यायचं. त्याच्याबिगर पूजा न्हाई व्हायची.”

मला वाटलं, लेकरू गप्प करायला बोलल्या. पण पुढच्या वर्षी चार दिवस आधी त्यांच्या मुलाचा फोन आला, येताय ना म्हणून. आम्ही गेलो. पोरीनं आपल्या हातानं दगड पाचव्या जागी ठेवला आणि पूजा झाली. वर्षभर तो तिच्या उशाशी असायचा. आजारी पडला तर त्याला औषध, दिवाळीला अभ्यंग. काकूंनी त्यानंतर आम्हाला आपल्या शेतावर बोलावलं, तर मी ऐटीत सांगितलं, आमचं ठरलेलं आहे.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आजी गेल्या. हे भेटून आले. मला रडू आलं तेव्हा आलंच, पण खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही आलं. धागा होता तो आजींचाच. बाकीच्यांना आम्ही कोण? त्यात वर्षाच्या आत सण करत नाहीत. मार्गशीर्ष आला, फोन आला नाही. मी ठरवलं, आपण होऊन जायचं नाही. दुःखाच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन बसणं बरं दिसत नाही.

अमावस्येला पोरगी सहालाच उठली. साडेचार वर्षांची झाली होती, स्वेटर स्वतः घालायची. दगड रुमालात बांधून दारात उभी राहिली. मी सांगितलं, ह्या वर्षी नाही जायचं. आजी नाहीत ना आता. ती म्हणाली, पण ह्याला जायचंय. मी तिच्यावर ओरडले. उगीचच ओरडले, कारण मलाही जायचं होतं. ती पायरीवर जाऊन बसली आणि मी पाणी तापवून भसाभसा डोक्यावरून घेतलं, म्हणजे रडलेलं कळू नये.

न्हाणीतून बाहेर आले तर फोन वाजत होता. सून होती, ती अबोल, आजींना आत्या म्हणणारी सून. दोन वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल.

“ताई, कुठवर आलाव?” ती म्हणाली. “सण न्हाई करत औंदा, निस्ती पूजा हाय. पर पांडव चौघंच बसलेत हितं. आत्या सांगून गेल्यात, लेकरू आल्याबिगर नारळ फोडायचा न्हाई. सगळी खोळंबलीत.”

मी गाऊनवर, केसांतून पाणी गळतंय, नवरा अजून पांघरुणात.

“औशाच्या रस्त्याला लागलोय,” मी म्हणाले. “आलोच.”