दुसरा आकडा
चंदनाच्या अगरबत्तीचा वास आला की मला डोंबिवलीतलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं, आणि टिटवाळ्याहून आलेले ते काका. जुन्या साडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर त्यांनी काउंटरवर ठेवला. ठाण्याच्या दुकानदाराने आधीच हात टेकलेले. काकू गेलेल्या, त्यांच्या आवाजातली गाणी फक्त त्यातच होती, म्हणून काका रोज त्याच्यासमोर अगरबत्ती लावायचे. मी तो उघडला तर पंखा राखेने पार जाम झालेला, आतलं सगळं तापून गेलेलं, आणि दुकानभर चंदनाचा वास सुटला. मी काळ्या स्क्रीनवर हार्ड डिस्कचा वेग मोजायची कमांड दिली. पहिला आकडा चांगला घसघशीत आला. "बघा, चालतेय की!" काकांचा चेहरा खुलला. "काका, ही कमांड दोन आकडे देते. हा रॅमचा, तात्पुरत्या मेमरीचा वेग. गाणी असतात डिस्कवर, तिचा आता येईल." डिस्क नुसती टकटक करत राहिली. समोरच्या रिक्षा स्टँडवर भांडण लागून मिटलंसुद्धा, तरी दुसरा आकडा येईना. शेवटी एरर आली. पुन्हा कमांड दिली, पुन्हा तेच. "गेली का हो गाणी?" त्यांनी विचारलं. "गेली, काका." त्यांनी साडी पुन्हा नीट गुंडाळून गाठ मारली. "घरी होता तिथेच ठेवतो," ते म्हणाले, "अगरबत्ती लावली तर चालेल ना? त्याने काही बिघडत नाही ना?" राखेबद्दल बोलायचं मी मघापासून टाळत होतो. "लावा, काका. आता काही नाही बिघडत," मी म्हणालो, आणि अजूनही तो वास आला की माझंच हे वाक्य मला ऐकू येतं.