चिंधीबाईंची चावायची पुस्तकं

नवं पुस्तक शिवून झालं की चिंधीबाई आधी त्याचा कोपरा चावून बघत. रंग जिभेला लागला नाही आणि दोरा सुटला नाही, तर पुस्तक पास. "माझे वाचक वाचण्याआधी खातात," त्या म्हणत. "मग चव बघायला नको?" मी अहमदपूरच्या आमच्या अंगणवाडीत सेविका. या वाचकांची लाळ पुसणं हेच माझं काम, त्यामुळे मला ते लगेच पटलं होतं.

त्यांचं खरं नाव रिबका. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातल्या. मुंबईला चित्रकला शिकताना त्यांनी आमच्या गावच्या गायकवाड सरांशी लग्न केलं. सर बौद्ध. बाईंच्या आईने सांगितलं, आता या घरात पाय ठेवायचा नाही. पुढे आई आणि दोघं भाऊ इस्रायलला निघून गेले, बाईंना कळवलंसुद्धा नाही. बाई हे सगळं हसत सांगत. "आमच्या लोकांना जगाने हाकललं, मला आमच्याच लोकांनी. आणि येऊन पडले कुठे, तर अहमदपूरला!" सर वारल्यावर सगळे म्हणाले, आता मुंबईला जा. त्या म्हणाल्या, इथे पाणी आठवड्याने येतं, पण माणसं रोज येतात.

अंगणवाडीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आमची चित्रांची पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती. पोरं फाडतात म्हणून. बाईंनी विचारलं, यांनी काय गुन्हा केलाय? दुसऱ्या आठवड्यात त्या जुन्या मांजरपाटाचं एक पुस्तक घेऊन आल्या. पानांवर चिंध्या कापून शिवलेली चित्रं होती: बकरी, एसटी, पाण्याचा टँकर. अक्षर एकही नाही. पोरांनी ते ओढलं, चोखलं, त्यावर शू केली. मी संध्याकाळी साबणाने धुऊन दोरीवर टाकलं. तेव्हापासून त्या चिंधीबाई झाल्या, आणि ते नाव त्यांनी एखाद्या पदवीसारखं मिरवलं.

बोध या शब्दाचं त्यांना वावडं होतं. एकदा आमच्या पर्यवेक्षिकेने पुस्तक चाळून विचारलं, यातून मुलांनी काय शिकायचं? बाई गंभीरपणे म्हणाल्या, "धुतलं की स्वच्छ होतं, एवढंच."

त्यांच्या मदतीला शेजारच्या अमीना खाला असत. खालांचा काजाचा टाका फार सुबक. एकदा बाईंनी डुकराचं चित्र काढलं. आमच्या गल्लीतल्या नालीत डुकरं लोळत, पोरं ती रोज बघत. मी घाबरले. खालांनी चित्र उलटसुलट बघितलं आणि विचारलं, तुमच्यात हे चालतं का? बाई म्हणाल्या, नाही. "हमारे में भी नको," खाला म्हणाल्या. "खाने का थोडीच है, सीने का है." मग ज्याला दोघींच्याही घरात थारा नव्हता ते डुक्कर दोघींनी मिळून शिवलं, आणि शेपटी सरळ असावी की वळलेली यावरून दुपारभर भांडल्या.

भानगड झाली ती नगरसेवकांमुळे. त्यांच्या नातवाने घरी जाऊन पुस्तकातल्या डुकराचं आणि ते लोळतं त्या आमच्या वॉर्डाच्या नालीचं वर्णन केलं असावं. ते तडक अंगणवाडीत आले. "बाई, वार्डाची इज्जत जायलीय. ते डुक्कर काढा, न्हाईतर मी वर तक्रार करतो," ते म्हणाले. तक्रार झाली असती तर माझी नोकरी अडचणीत आली असती, बाईंचं काहीच बिघडलं नसतं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाल्या, "तुम्ही नाली साफ करा, मी डुक्कर उसवते."

बाहेर बाया जमल्या होत्या. त्यांच्यादेखत नगरसेवकांना नाही म्हणता येईना. त्याच आठवड्यात नाली साफ झाली. बाईंनीही शब्द पाळला. पण पानावर सुईची भोकं राहिली, आणि पोरं त्या भोकांवर बोट ठेवून एका सुरात ओरडू लागली, डुक्कर! नगरसेवक पुन्हा आले. बाई म्हणाल्या, आता ते पोरांच्या डोक्यात आहे, तिथवर माझी सुई पोचत नाही. ते हसले आणि चहा पिऊन गेले.

मग एक दिवस बाईंच्या भावाचा फोन आला. कुठून तरी नंबर मिळवला होता. आई फार थकलीय, कुणाला ओळखत नाही, दिवसभर चादरीचा कोपरा चुरगाळत बसते, असं त्याने सांगितलं. फोन ठेवल्यावर बाईंनी चिंध्यांचं गाठोडं पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "चादर चुरगाळते म्हणजे ती माझी वाचक झाली."

त्यांनी आईसाठी पुस्तक शिवलं. त्यात रेवदंड्याचं माहेरचं घर, विहीर, माड आणि झोपाळ्यावर दोन मुलगे होते. मी विचारलं, तुम्ही कुठे आहात? त्या म्हणाल्या, मला त्या घरातून काढलंय, मी आपणहून कशाला घुसू?

पुस्तक पोचल्यावर भावाने व्हिडिओ कॉल केला. पोरं घरी गेली होती. आम्ही दोघी अंगणवाडीतच बसून बघत होतो. म्हातारी पानं चाचपत झोपाळ्यापाशी आली आणि थांबली. रिकाम्या जागेवरून तिने अंगठा फिरवला. "दोघंच?" ती म्हणाली. "रिबी कुठाय?"

बाईंनी फोन बंद केला. "हे तेव्हा विचारलं असतं, तर मी एवढी धूळ खाल्ली नसती," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा जाईना. मी ओवून दिला. त्यांनी आपल्या साडीचा तुकडा कापून दोन वेण्यांची मुलगी शिवली. ती टपालाने पाठवली नाही, स्वतः घेऊन गेल्या. जाताना शिलाई मशीन मला दिलं आणि कात्री खालांना.

त्या परत आल्या नाहीत. खाला आणि मी पुस्तकं शिवतो, आमची बकरी अजून कुत्र्यासारखी दिसते. मधून मधून बाईंचा फोन येतो. मागे मी विचारलं, आई आता ओळखते का?

"मला नाही, पुस्तकातलीला ओळखते," बाई म्हणाल्या. "रोज मला दाखवते, बघ, ही माझी मुलगी. मी म्हणते, नाक जरा मोठं आहे हो. मग म्हातारी अशी चिडते माझ्यावर! म्हणते, माझ्या रिबीला नावं ठेवायची नाहीत."