घरकुलातली भाडेकरू

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी पहिली नेमणूक समुद्रपूरच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेवर झाली. मी सिंदीची, शेतकरी घरातली. गावात खोली मिळेना. ज्यांच्याकडे जागा होती त्यांना एकटी पोरगी भाड्याने ठेवायची नव्हती, आणि ज्यांची हरकत नव्हती त्यांना स्वतःलाच पाय पसरायला जागा नव्हती.

रिकामी घरं मात्र होती. रस्त्याच्या पलीकडे भूमिहीनांसाठी विटांची घरकुलं बांधलेली होती. एक खोली, एक खिडकी, पुढे ओटा, वर टिन. पाणी गावातल्या विहिरीवरून आणायचं, म्हणून तिथे कोणी राहायला गेलं नव्हतं. कोणी तुराट्या भरून ठेवल्या होत्या, कोणी बकऱ्या बांधल्या होत्या.

त्यातलं एक घर बौद्धपुऱ्यातल्या एका बाईचं होतं. पन्नाशीची, नवरा वारलेला, एकुलती मुलगी नाचणगावला दिलेली. निंदणं-वेचणं करून ती पोट भरायची आणि जुन्या कुडाच्या झोपडीतच राहायची. हेडमास्तरांनी तिची-माझी गाठ घालून दिली.

"किराया किती द्यायचा?" मी विचारलं.

"मले काय मालूम, बाई? म्या आजपावतर कोनाले घर देलं नाई."

शेवटी हेडमास्तरांनीच आकडा ठरवला. रोज सकाळी दोन गुंड भरून पाणी ती आणून देणार, हेही ठरलं. घरी पत्र लिहिताना मी 'एका बाईंकडे राहते' एवढंच लिहिलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत बातमी आली की तालुक्याहून साहेब घरकुलं पाहायला येणार, आणि जो राहत नसेल त्याचं घर काढून घेणार. शनिवार होता, शाळा सकाळची. मी परतले तर घरांपुढे धावपळ चाललेली. बकऱ्या बाहेर हाकलल्या जात होत्या. माझ्या खोलीत घरमालकीण तिची खाट, गोधड्या आणि भांडी लावत होती.

साहेब आले. माझी ट्रंक, वह्यांचा गठ्ठा, दोरीवरची इस्त्रीची साडी त्यांनी पाहिली.

"या कोण?"

"माही पोरगी हाय," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही इथल्या शाळेतल्या ना? या तुमच्या आई?"

त्या क्षणी मला खोटं बोलण्याची भीती वाटली नाही. ही गोष्ट एसटीत बसून सिंदीला पोचली तर काय होईल, एवढंच मनात आलं. आज ते लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. 

"सांग ना वं पोरी, साहेब विचारून राह्यले," ती म्हणाली. तोवर ती मला 'तुमी' म्हणायची.

"हो," मी म्हणाले.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निघताना तिनेच त्यांना सुनावलं, "साहेब, इथं बोरिंग मारून द्या. मंग पाहा, किती लोक राह्यतेत त!" ते हसले. त्यांना सगळं कळलं असावं.

संध्याकाळी तिने सामान परत नेलं नाही. "राहू दे. इथं हवा येते," म्हणाली. विचारणार कोणाला? घर तिचंच होतं. पहिला आठवडा मी माझ्या स्टोव्हवर वेगळं शिजवलं. मग दोन-दोन स्वयंपाक करून रॉकेल कशाला जाळायचं, असं स्वतःला सांगितलं आणि तिच्या चुलीवरची भाकर खाऊ लागले. महिन्याचे पैसे दिले तर घेईना. "एका घरात राहून किराया कसा घेऊ?" मग मी बाजारातून दोघींपुरती ज्वारी आणू लागले. ती तिला चालली.

वडील एकदा भेटायला आले. "या घरमालकीण," मी सांगितलं. तिने चहा ठेवला. वडिलांनी पोट ठीक नसल्याचं सांगून तो घेतला नाही. तिने आग्रह केला नाही. त्यांच्या वाटचा कप मीच प्यायले. बसस्टँडवर वडील म्हणाले, "दुसरी खोली पाह्य." मी पाहिली नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळ्यात बोरिंग झालं आणि महिन्याभरात सगळी घरं भरली. ऐंशीनंतर तिथे कोणी मागे पडवी काढली, कोणी ओट्यावर किराणा मांडला. एका घरात ग्रामसेवक भाड्याने राहायला आला. माझ्या घरमालकिणीने तिची जुनी झोपडी मोडून तिथले लाकडी बल्ले आणले आणि पुढे मांडव घातला. मजुरी मात्र ती करतच राहिली.

माझी बदली समुद्रपूरला झाली. तिथे दुसऱ्याच दिवशी खोली मिळाली. मालकाने नावाआधी आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्याने किल्ली काढून हातात दिली.