तिकिटासाठी मोजलेले हात

पक्षाच्या शाखेने उमेदवार निवडायचा नवा नियम केला, तेव्हा डोंबिवलीत त्याचं कौतुक झालं. तोपर्यंत लोकल बोर्डाचा उमेदवार कल्याणला, तालुक्याच्या कचेरीत ठरायचा आणि आम्हाला तो दुसऱ्या दिवशी स्टेशनवर कळायचा. आता शाखेच्या सभासदांची सभा भरणार होती. इच्छुकांची नावं पुकारायची, हजर सभासदांनी हात वर करायचे आणि ज्याला जास्त हात त्याला तिकीट. पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. आपलं मत कोणीतरी मोजतं, या गोष्टीचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं.

मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि पक्षाचा सभासद नव्हतो. तेवढ्या कारणाने हात मोजायचं काम माझ्याकडे आलं.

इच्छुक दोघे होते. एक डोंबिवलीतले वकील. रोज कल्याणच्या कोर्टात जात, गणेशोत्सवात व्याख्यान देत. दुसरे कोपरचे शेतकरी. डोंबिवलीला लागून खाडीच्या अंगाला कोपर गाव. भातशेती आणि मिठागरांवर जगणारं. बेचाळीसच्या चळवळीत हे गृहस्थ तुरुंगात जाऊन आले होते. सगळे त्यांना दादा म्हणत. खाडीचा बांध फुटून खारं पाणी कोपरच्या शेतांत शिरत होतं आणि बोर्डात आपला माणूस गेल्याशिवाय तो बांधला जाणार नाही, असं दादांचं मत होतं. तिकीट हवं होतं ते त्यासाठी. शाखेच्या सभासदांत निम्म्याहून जास्त कोपरचे होते, तेही बहुतेक दादांनी केलेले. सभेचा निकाल काय लागणार, हे वकिलांनाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात सभा भरली. डोंबिवलीचे नोकरदार आंघोळी उरकून, इस्त्रीचे सदरे घालून आले. कोपरहून पाच म्हातारे आले आणि दाराजवळच्या बाकांवर बसले. बाक लहान मुलांचे होते. म्हाताऱ्यांचे गुडघे छातीपर्यंत आले होते. अध्यक्ष थोडा वेळ थांबले. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे मागून येतायत ना?"

"कोन बाकीचे?" पाचांतले सर्वांत वडील आबा म्हणाले.

"कोपरचे सभासद."

"आमी आयलो ना. आमी पाच आयलो म्हंजे गाव आयला."

"आणि दादा कुठे आहेत?"

"त्यो कशाला येल? त्याचंच नाव काडायचं हाय ना? सोयरीक ठरताना नवरा मधी येऊन बसतो काय?"

वर्गात हशा पिकला. आबाही हसले, पण त्यांनी ते गमतीने म्हटलं नव्हतं. आदल्या रात्री कोपरची गावकी देवळात बसली होती. दादांचं नाव एकमताने ठरलं होतं आणि ते सांगायला पाच जणांना धाडलं होतं. लग्न, बांधाची दुरुस्ती, जत्रा या सगळ्यांत गावाचा शब्द याच रीतीने पोहोचायचा. पाच जण गेल्यावर आणखी कोणी मागून जाणं म्हणजे त्या पाचांवर भरवसा नसणं.

दादांचं नाव पुकारल्यावर आबांनी हात वर केला. उरलेल्या चौघांचे हात गुडघ्यांवरच राहिले.

"तुम्ही चौघं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी केला ना वर," आबा म्हणाले.

"करा हो आबा सगळ्यांनी, फुकट आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अर्धवट हात उचलले. डोंबिवलीतल्या एका शिंप्याने त्यांच्या बाजूने हात केला. मी सहा लिहिले. वकिलांच्या नावाला सव्वीस हात होते. बाहेर पडताना आबांनी मला गाठलं.

"काय झाला?"

"वकिलांना जास्त हात पडले, आबा."

"पडंनात का. पन गाव दादाचे मागं हाय, ता लिवलंस ना?"

मी उत्तर द्यायच्या आत चौघे त्यांना घेऊन पायऱ्या उतरले.

संध्याकाळी दादा माझ्या घरी आले. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. तो ठाण्याच्या एका गिरणीत कामाला होता आणि बोलण्यात दादांपेक्षा तिखट. बायकोने चहा ठेवला. दादांनी कप उचलला, खाली ठेवला, उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले.

"तुमी मोजलात?"

"मोजले."

"मंग आमचं गाव कुटं गेलं?"

"हजर असलेल्यांचेच हात मोजायचे होते, दादा. सभासदांनी स्वतः हजर राहावं, असं नोटिशीत लिहिलं होतं."

"म्या बोल्लेलो का सगल्यांनी चला," भाऊ उसळला. "गिरणीत युनियनची सभा असते तवा असाच मोजतात. पन आमचे म्हातारे! यांना वाटतं यांचे एकेका हातान धा धा बोटं जास्त हायेत."

"तू गप रे."

"का गप? वकिलाला म्हाईत नव्हता काय? त्याला समदा म्हाईत होता. हसत होता बसून."

गाव पाचच जणांना धाडेल, हे वकिलांना आधीपासून माहीत होतं का, ते मला सांगता येत नव्हतं. ते हसले होते, पण सगळेच हसले होते. दादांनी एवढंच ठरवलं की तक्रार करायची. तक्रार कल्याणला गेली. कल्याणने हात झटकून ती ठाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत पाठवली. मधल्या दिवसांत डोंबिवलीत दोन तट पडले. सलूनमध्ये, वाण्याच्या दुकानात, फलाटावर जो तो दुसऱ्याला नियम समजावून सांगत होता. माझ्या घरमालकांनी एका सकाळी अंगणातूनच हाक मारून विचारलं, "काय हो, तुमचे सहा खरे की त्यांचा गाव खरा?" अंक लावण्याचं काम करणाऱ्याला अशा प्रश्नाची सवय नसते. कामावर मथळे करताना मला तोच प्रश्न आठवत राहायचा.

ठाण्याच्या सुनावणीला मोजणारा म्हणून मलाही बोलावलं. वकील शांतपणे म्हणाले, "नियम आधी सांगितला होता. दोघांना सारखा होता. हरल्यावर डाव पुन्हा मांडायचा असेल तर नियम केला कशाला?" दादांना विचारलं तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "गावातला येक मानूस माजे इरोधान हाय, असा कोनी दाकवा. मंग मी घरी जातो." जिल्ह्याचे चिटणीस कागद खालीवर करत राहिले. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, आणि निकाल एकाच्याच बाजूने देता येत होता. शेवटी त्यांनी पुन्हा सभा घ्यायला सांगितलं. जिना उतरताना वकील मला म्हणाले, "तुम्ही बरोबर मोजलं होतंत. तरी चुकलात असं ठरलं, बघा."

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. तिकीट मिळवायचं तर कोपरच्या प्रत्येक सभासदाने स्वतः जायला हवं होतं, आणि गावकीला तोच अपमान वाटत होता. "गावानं शब्द दिलेला हाय," आबांनी दादांना सुनावलं. "आता एकेकाला इचारायचा म्हंजे आमचा शब्द खोटा." दादा रोज देवळात जाऊन बसू लागले. म्हातारे पान खात, पिकाबद्दल बोलत आणि उठून जात. धाकट्या भावाने एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "समद्यांचा शब्द तुमीच दिलात, मंग आमचे हात कशाला?" सभा जवळ आली तसे दादा दिवसातून दोनदा डोंबिवलीत येऊन नियम बदलत तर नाहीत ना, याची चौकशी करू लागले. अखेर गावकी कबूल झाली. सगळे जातील, पण दादांनी घरी थांबायचं आणि हात वर करताना कोणी मागे वळून बघायचं नाही; बघणं म्हणजे आपल्याच माणसांवर भरवसा नसणं. दादांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

दुसरी सभा शाळेच्या मैदानात झाली. कोपर आलं. म्हातारे पुढे सतरंजीवर, त्यांच्यामागे बाप्ये, थोड्या बायका आणि अगदी शेवटी चिंचेखाली तरुणांचा घोळका. पुढेच एका बाजूला डोंबिवलीचे सभासद; त्यांना चिंचेखालचं दिसत नव्हतं. मला खुर्चीवर उभं केलं होतं. अध्यक्ष खाली मान घालून मी सांगेन तो आकडा लिहीत होते. दादांच्या नावाला हात वर झाले, पुढून मागे ओळीने. आबांचा हात सर्वांत ताठ होता. मोजताना लक्षात आलं की चिंचेखालचे हात खालीच आहेत.

वकिलांचं नाव आलं तेव्हा ते हात वर झाले. चौदा. पुढच्या कोणीही मागे पाहिलं नाही. तशी अट होती. त्या चौदांत दादांचा धाकटा भाऊ होता. त्याने हात पूर्ण वर केला होता आणि मी मोजत त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचाही मोजला.

तरीही दादांना जास्त हात पडले. तिकीट त्यांना मिळालं. कोपरवाले गुलाल घेऊन आले होते, तो उधळला गेला. वकिलांनी आबांना नमस्कार केला आणि सायकल घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना दादा आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"मानसं किती आयली ता मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "हात चौदा कमी हायेत. कोन?"

"मी फक्त हात मोजले, दादा."

"तुमी खुर्चीवर उभे होतात."

"होतो."

"तोंडा दिसली असतील."

मी तोंडावरचा साबण पुसला. दादांनी देवळापासून एकेक घर सांगायला सुरुवात केली. पहिलं घर, विहिरीजवळचं घर, त्याच्या शेजारचे दोघे भाऊ. प्रत्येक घराला थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मी टॉवेलाची घडी घालत राहिलो. आळी संपत आली. आपल्या घराच्या अलीकडचं घर त्यांनी घेतलं, थांबले, आणि मग पलीकडचं घेतलं.

"सांगनार नाय म्हना."

"नाही."

ते दाराकडे वळले. उमेदवारीचा अर्ज भरायला त्यांना त्याच दिवशी कल्याणच्या मामलेदार कचेरीत जायचं होतं. अर्जावर सूचकाची सही लागते.

"सूचक कोण आहे?" मी विचारलं.

"धाकटा. त्यो काय, भाईर हुबा हाय."

रस्त्याच्या कडेला भाऊ उभा होता, धुतलेला सदरा घालून. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल रं." तो एक पाऊल मागे राहून चालू लागला. वळणापर्यंत जाताना त्याने तीनदा मागे वळून पाहिलं. दादांनी एकदाही पाहिलं नाही.