आवाज नसलेले तीन सेकंद

खोपटमधल्या आमच्या गल्लीतलं गटार सहा महिने उघडं होतं. त्याच्यासमोर उभा राहून मी अकरा मिनिटं गरजलो, तरी तो व्हिडिओ कुणी बघेना. म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका बाईंकडे गेलेलो. त्या लोकांच्या व्हिडिओंतून जिफ, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे तीन सेकंदांचे तुकडे, बनवून देतात, बहुतेक वाढदिवसाच्या.

त्यांनी आधी आवाजच बंद केला. मी भडकलो, "अहो, सगळे मुद्दे आवाजात आहेत!"

"जिफला आवाज नसतो रे बाळा," डबा खाता खाता त्या म्हणाल्या. "आता बघ, तू नुसता माशा हाकलतोयस."

माझ्या खांद्यामागे एक आजी साडी सावरून गटार ओलांडत होत्या. बाईंनी मला सरळ कापून टाकलं. "आजींचा चेहरा नको, पाय पुरे." पाऊल उचललं जायचं आणि पलीकडे टेकायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी इतका चिडलेलो की बाईंचं नावही विचारलं नाही.

जिफ ग्रुपाग्रुपांतून फिरली. चौथ्या दिवशी वॉर्डाच्या इंजिनिअरचा फोन.

"झाकण आजच बसवतो, पण ती जिफ आधी काढा हो! माझी आई तासातासाला विचारते, त्या बाई पोचल्या का पलीकडे?"