लेट्यूसचे बारा क्रेट आणि डिसोझाबाईंची मांय

२२ जानेवारी, गुरुवार. सकाळी सातला सावलीत एकोणीस अंश. धुकं, मोहरावर दहिवर. नऊनंतर लख्ख ऊन, वारा नाही.

वहीत रोज एवढंच लिहायचं, असं मी ठरवलं होतं: हवा कशी, पाणी किती घातलं, पानं किती काढली. पण लेट्यूस लावल्यापासून जागा पुरेनाशी झाली. मी पाणी घालत असलो की कुणीतरी येतं, काहीतरी बोलून जातं, आणि ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आता हवामान दोन ओळी आणि माणसं दीड पान, अशी वही झाली आहे!

मी कसालजवळच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा परिचर आहे. दिवाळीनंतर प्रयोगशाळेच्या मागे फळांचे बारा रिकामे क्रेट मांडले, वर हिरवी जाळी बांधली आणि फोनवरचे व्हिडिओ बघून लेट्यूस केलं. कुरळं, लाल कडेचं आणि लांब पानांचं, असं तीन प्रकारचं. पानं काढायला आली तेव्हापासून मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर सॅलडचं एक पातेलं असतं.

पहिलं पातेलं साधंच होतं. पानं, काकडी, लिंबू, मीठ, वर ओलं खोबरं. आमचे शिपाई सावंतमामा निवृत्तीला आले आहेत. त्यांनी एक पान खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, चावलं आणि गंभीरपणे विचारलं,

"भाऊ, ह्या जेवच्या आधी खावचा?"

"हो, आधी."

"मगे बरा. माका वाटला ह्याच जेवान!"

*

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या डिसोझाबाई मला बाजूला घेऊन बोलल्या. त्यांची आई, म्हणजे मांय, ऐंशीच्या घरातली. माहेर गोव्यातलं, लग्न होऊन आरोंद्याला आली, आता लेकीकडे कसालला असते. तापातून उठली, पण तोंडाची चव गेली. अर्धी वाटी पेज, तीही लेकीच्या धाकाने. वजन उतरत चाललेलं. डॉक्टर म्हणाले, "आवडेल ते द्या, पण पोटात जाऊ दे. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल."

"आणि भाऊ, ती एकच गोष्ट मागते," बाई म्हणाल्या. "सालाद! सॅलडला ती सालादच म्हणते. तुमच्याकडे तर रोज असतं!"

मी लगेच एक डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. भरलेला.

*

गणिताचे परबसर मासे सोडून दुसऱ्या कशाला अन्न मानत नाहीत. एका बुधवारी त्यांनी डब्यातला तळलेला बांगडा लेट्यूसच्या पानात गुंडाळला, वर कांदा ठेवला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा. मग सावंतमामांच्या डब्यातला तिसरा.

"भाऊ," ते म्हणाले, "तुझ्या ह्या पाल्याचो उपयोग आज कळलो. हात तेलकट होणत नाय!"

*

लेट्यूसच्या बियांना थंडावा दिला की त्या बऱ्या उगवतात, असं वाचलं होतं. म्हणून उरलेलं बी मी एका छोट्या बाटलीत घालून स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवलं. चिठ्ठी चिकटवली होती, पण ओलाव्याने ती सुटून पडली.

दोन दिवसांनी बघतो तर बाटली अर्धी! परबसर ताक पीत होते.

"सर, ह्यातलं काही घेतलंत?"

"जिरा ना ता? गेले दोन दिवस ताकात घालतंय. जुना दिसता, वासच नाय."

मी सांगितलं ते काय होतं. परबसरांनी ग्लास खाली ठेवला आणि पोटावर हात फिरवला.

"मगे आता पाणी पिऊ की नको?"

*

मांयचा डबा रोज परत येतच होता. डिसोझाबाई तो टेबलावर ठेवून झाकण उघडून दाखवत. स्टाफरूमने हा प्रश्न आपल्या इभ्रतीचा केला. सोमवारी पपनसाच्या फोडी आणि किंचित गूळ. मंगळवारी मोड आलेले मूग. बुधवारी उकडलेली अंडी आणि मिरपूड. पानं मांयला चावायला सोपी जावीत म्हणून मी ती रोज आणखी बारीक चिरत होतो. परबसरांनी घरून सुकट भाजून आणली. कांदा, खोबरं, कोकमाचं आगळ घालून स्वतः कालवली आणि म्हणाले, "बाई, ह्या खाऊन मेलेलो उठून बसतलो!"

मांय उठून बसली, वास घेतला, म्हणाली, "बरा आसा, पण सालाद खंय?" आणि परत आडवी झाली.

"वयामुळे विसरायला होतं," बाई म्हणाल्या. "समोर सालाद, आणि सालाद कुठे विचारते!"

त्या दिवशीचा डबा मी, परबसर आणि सावंतमामांनी संपवला. फार सुंदर झालं होतं!

*

सावंतमामांचं मत वेगळं होतं. "आजारी माणसाक कच्चा कित्याक देतास? शिजवन द्या!" शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी माझ्याकडून टोपलीभर पानं मागून घेतली, घरी नेली आणि लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली. सोमवारी सकाळी माझ्यासमोर एक वाटी ठेवली. तळाशी दोन चमचे काहीतरी हिरवं होतं.

"बाकीची?"

"बाकीची खंयची? सगळी हीच! झाकण काढून बघलंय तर टोपात नुसता पाणी. बायल म्हणता, मांजरान खाल्ल्यान!"

*

आज दिवसभर दहावीच्या प्रात्यक्षिकांची मांडामांड होती. चिरायला वेळ मिळाला नाही. साडेचारला लांब पानांचा एक अख्खा गड्डा मुळासकट उपटला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी जाताना बाईंकडे वळलो. तिथेच चिरून द्यावा, असा विचार होता.

मांय खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसली होती. मनगटं काठीसारखी झालेली. बाईंनी सुरी-पाट आणला. मी कागद उलगडला.

मांय पुढे झुकली. दोन्ही हातांनी गड्डा घेतला, मुळाची माती अंगठ्याने झाडली आणि लेकीकडे बघून म्हणाली, "अगो, ही सालाद!"

"मांय, रोज सालादच तर देतंय तुका!"

"ती कोशिंबीर गो! सालाद म्हणजे हो पालो. माझ्या माहेराक परसात होतो." मग माझ्याकडे वळून, "तूच तो सालादवालो?"

"होय."

"दिसान् दिस माका कोशिंबीर चारतास, आणि सालाद खंय लपवन ठेवलास रे?"

बाईंनी सुरी उचलली. "चिरू गो?"

"हात लावू नको!" मांय म्हणाली. "विनेगर हाड. मीठ हाड. आणि कांदो." बाई सगळं आणायला आत गेल्या.

सव्वापाच ते पावणेसहा: अकरा पानं. त्यानंतर पेज, दोन वाट्या.