कापूस माझा, कापड तुमचं

आमची मावशी कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मशीनखाली कपडे, आणि सोफ्यावर तयार झालेल्या कपड्यांचे गठ्ठे. पाहुणा आला की गठ्ठे आतल्या पलंगावर जातात. झोपायची वेळ झाली की पलंगावरून परत सोफ्यावर. त्या घरात सगळ्यात जास्त फिरणं गठ्ठ्यांचंच. काका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे घरी आल्यावर त्यांना कशाचंच काही वाटत नाही. भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, तरी म्हणायचे, "उभी आहे ना? मग झालं तर."

एका बुधवारी त्यांची नववीतली लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "शनिवारी माझ्या मैत्रिणी येणारेत. प्रोजेक्ट करायला."

"येऊ हेत ही," मावशी म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

"आई, आपलं घर घरासारखं दिसतच नाही गं. दुकानाच्या मागच्या खोलीसारखं दिसतं."

मावशीला ते लागलं. अख्ख्या गल्लीला झोकात मिरवायला लावणारी बाई, आणि तिच्याच खिडकीला पडदा म्हणून एक विटकी चादर दोन खिळ्यांवर लोंबत होती.

शिवायला आलेली कामं तर थांबणार नव्हती. तिने माळ्यावरून कातरणांचं पोतं खाली ओढलं. वर्षानुवर्षांचे उरलेले तुकडे त्यात कोंबलेले. मग एक गिऱ्हाइकाचा ड्रेस, एक उशीचा अभ्रा, असं सुरू झालं. भात शिजेपर्यंत चार चौकोन जोडून व्हायचे. शुक्रवारपर्यंत सोफ्याला पाच रंगीबेरंगी उशा झाल्या आणि खिडकीला ठिगळाठिगळांचा पडदा. डब्यांत दडलेली दोऱ्याची रिळं तिने रंगांप्रमाणे काचेच्या बरण्यांत भरली आणि बरण्या फळीवर ओळीने मांडल्या. खोलीला चेहरा आला.

"जरा पांढरा दोरा दे गं, बटण तुटलंय," काका म्हणाले.

"हात लावायचा नाही. ते शोभेचं आहे."

काका पिन लावून कामावर गेले.

ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवायचं होतं. मायलेकी ढकलत होत्या आणि काका पाठीला हात लावून सूचना देत होते. "मागे घ्या, मागे... डावीकडे कापा... हळू... ब्रेक! ब्रेक म्हटलं ना!" तोवर कपाट त्यांच्या अंगठ्यावर आलं होतं. त्यांनी बोंब ठोकली. ओल मात्र झाकली गेली.

शनिवारी मैत्रिणी आल्या. "अय्या, काय मस्त पडदा!" म्हणत पडद्यालाच चिकटल्या. लेकीची मान इतकी ताठ झाली की मावशीला हसू आवरेना. तेवढ्यात दारात बँकेतल्या कॅशियरबाई उभ्या राहिल्या. या बाई ड्रेस घ्यायला आल्या की शिवणीचा टाका न् टाका तपासतात. आत येऊन त्या सोफ्यावर टेकल्या, शेजारची उशी मांडीवर घेतली आणि तिच्यावरचा एक चौकोन निरखू लागल्या.

"हे निळं कापड माझं आहे."

"छे हो, निळं काय, कोणाचंही असतं."

"त्यावर पांढरी बदकं कोणाचीही नसतात. बाह्या आखूड झाल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, कापड पुरलं नाही."

मुलींनी प्रोजेक्ट खाली ठेवलं. लेकीने आईकडे पाहिलं. मावशीने घसा खाकरला, एकदा मशीनचं चाक उगीच फिरवलं आणि म्हणाली, "कापड पुरलं होतं. मीच बाही उलटी बेतली. सांगायची लाज वाटली."

"आणि मी वर्षभर त्यावर स्वेटर घालून हिंडतेय! उकाड्यातसुद्धा! माणसं विचारतात, ताप आहे का?" बाईंनी उशी छातीशी धरली. "ही मी घेऊन जाणार. कापड माझं आहे."

"पण आतला कापूस माझा आहे!" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी उशी दाबून पाहिली. मग बाईंच्याच तोंडून फस्कन हसू फुटलं आणि मुलींनी तर जमिनीवर लोळण घेतली. मावशीने हसता हसता कात्री घेतली, बदकांचा चौकोन उसवला, बाईंना ड्रेस आणायला घरी पिटाळलं आणि बाह्यांना बदकांची पट्टी लावून दिली. तासभर मुली मशीनभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. प्रोजेक्ट कुठे गेलं, कोणी विचारलं नाही.

बाईंच्या पोटात गोष्ट राहिली नाही. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकांची रीघ लागली. कोणी बटण लावायला, कोणी मापं द्यायला, पण डोळे सगळ्यांचे पडद्यावर. "हा माझा फ्रॉक!" "हे तर माझ्या नणंदेचं!" सापडलं की खूश आणि नाही सापडलं की फुरंगटून बसायच्या. एकीचा तुकडा पडद्याच्या अगदी खालच्या कडेला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "आमचं कापड म्हणजे पायरीशीच का?" शेवटी मावशीने दारालाही पडदा केला, त्यात राहिलेल्या सगळ्या सामावल्या. लेक आता मैत्रिणींना स्वतःहून बोलावते आणि त्यांना कोणता चौकोन कोणाचा ते रुबाबात सांगते. काका तेवढे अजून पिन लावून कामावर जातात.

कॅशियरबाईंनीही आपल्या घरासाठी तसाच पडदा शिवायला टाकला. कापड त्यांनी स्वतः मोजून आणलं, बेतताना मावशीच्या डोक्यावर उभ्या राहिल्या, आणि उरलेली बोटभर चिंधीसुद्धा पर्समध्ये घालून घरी नेली.